२३–११

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिले' यावर चार शब्द लिहा, असा निरोप आला. शाळेनं पुष्कळ दिलं, त्यात छड्याही आल्या. मी लिहिणार आहे ते न बसलेल्या एका छडीबद्दल.

१९८४ साली मी नववीत होतो. अक्षर बरं म्हणून वार्षिक हस्तलिखित माझ्याकडे आलेलं. त्या वर्षी कबड्डीत आपण २३–११ असे सपाटून हरलो होतो. संघात माझा थोरला भाऊ होता. मी बिनदिक्कत लिहून टाकलं, 'सामना अटीतटीचा होऊन बरोबरीत सुटला.' इंग्रजीच्या सरांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी त्यावर पुस्तक ठेवलं. जॉर्ज ऑर्वेल यांची कादंबरी, '१९८४'.

आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. अडखळत पहिलं वाक्य लावलं, तर त्यात घड्याळं तेरा वाजवतात. म्हटलं, "सर, यात काय विशेष? मिरज स्टेशनवर पण तेरा वाजतात."

"वेळापत्रकात वाजतात रे. टोले पडतात का तेरा?"

मग मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सरच गोष्ट मराठीतून सांगू लागले. भिंतीवरच्या चित्रातून रोखून बघणारा त्यातला हुकूमशहा, तो 'मोठा भाऊ', सगळ्यांनाच ठाऊक असतो. सर त्याच्यापाशी फार थांबले नाहीत. ते रमले कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ याच्या नोकरीत. हा गृहस्थ सत्य मंत्रालयात जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करतो. चॉकलेटचा शिधा कमी करणार नाही, असं सरकारनं छापून दिलेलं असतं. आता तो आठवड्याला ३० ग्रॅमवरून २० वर येणार, म्हणून विन्स्टन जुन्या अंकातलं ते वचनच बदलतो. मूळ कागद भिंतीतल्या फटीतून थेट भट्टीत. आणि दुसऱ्या दिवशी शिधा वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोक मिरवणुका काढून आभार मानतात! आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

ऑर्वेल यांचं खरं नाव एरिक ब्लेअर, जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात. ही कादंबरी त्यांनी स्कॉटलंडच्या ज्युरा बेटावर क्षयानं पोखरलेल्या अंगानं लिहिली. तिथवर यायला टंकलेखनिक मिळेना, तेव्हा सगळं हस्तलिखित अंथरुणात बसून स्वतःच टाइप केलं. जून १९४९ मध्ये पुस्तक निघालं, जानेवारी १९५० मध्ये ते गेले. वय ४६.

एक गोष्ट मात्र सरांनी सांगितली नव्हती, ती मला फार उशिरा कळली. १९४१ ते ४३ या काळात ऑर्वेल बीबीसीत हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांचं काम बघत. त्यांनी लिहिलेली युद्धवार्तापत्रं मराठीतूनही प्रसारित होत. प्रत्येक संहिता आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जायची, हे वाचलं आणि विन्स्टनचं टेबल कुठून आलं असावं याचा अंदाज आला. तिथं त्यांच्यासोबत काम करणाऱ्या वेणू चितळे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या. १९४२ च्या एका छायाचित्रात त्या आहेत, कवी टी. एस. एलियट आहेत, कादंबरीकार मुल्कराज आनंद आणि ऑर्वेलही आहेत. सर असते तर आधी त्यांना नेऊन दाखवलं असतं.

तर हस्तलिखित. गोष्ट संपली त्या दिवशी मी खोडरबर आणि ब्लेड घेऊन गेलो, शाई खरवडायला. सरांनी दोन्ही काढून घेतलं. म्हणाले, "तू लिहिलंयस ते राहू दे. खाली खरे गुण लिही, आणि तारीख घाल."

ते पान ग्रंथालयात अजून आहे. गेल्या दिवाळीत भावाला घेऊन गेलो होतो. तो आजही सामना बरोबरीत सुटला म्हणूनच सांगतो. नातवाला पुरावा हवा होता, तर भावानं ते पान उघडून दाखवलं, खालच्या ओळीवर अंगठा ठेवून.