शुगर, ट्रायग्लिसराइड आणि उपवासाची खिचडी

वार्षिक तपासणीचा कागद आला तेव्हा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२४ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८६. एलडीएलपुढे लॅबनेच 'ठीक' अशा अर्थाचं काहीतरी छापलं होतं, त्यामुळे माझं सगळं लक्ष शुगरकडे. डॉक्टरांनी बोट ठेवलं ते मात्र एलडीएलवर. "काकू, हा तक्ता सरसकट सगळ्यांसाठी असतो. तुम्हाला मधुमेह आहे, जोडीला बीपी. तुमचं ७०च्या खाली हवं." साखर रक्तवाहिन्यांना आधीच त्रास देत असते, त्यात हे कोलेस्टेरॉल साचायला लागलं की गाठ थेट हृदयाशी.

घरी सगळ्यांनी तुपावर राग काढला. जाऊबाईंनी तर वरणावरची धार बंद करून टाकली. मला आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं ते वेगळंच: "उपवास किती करता?" गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. बाई हसल्या आणि म्हणाल्या, औषध चुकवू नका, आणि खाल्ल्यावर मीटर लावून बघा.

मग मी बघितलं. वाटीभर साबुदाण्याची खिचडी, वर लिंबू. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, हात साबणाने धुऊन कोरडे करायचे (बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो), आणि बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं. आकडा आला २६२. दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि मेथी: १५८. जेवणानंतर १८०च्या आत राहायचं, असं मला सांगितलेलं. उपवासाला हलकं खायचं म्हणून आपण जे खातो, तो जवळपास निव्वळ स्टार्च.

ट्रायग्लिसराइडचं कोडंही तिथेच सुटलं. गरजेपेक्षा जास्त पिष्टमय खाल्लं की यकृत त्याची चरबी करतं, आणि शुगर बेताल असली की ती रक्तात आणखी वाढते. म्हणजे साबुदाणा, बटाटा, दुसऱ्यांदा घेतलेला भात, यांचाच तो हिशेब. एलडीएल मात्र एवढ्याने बधत नाही. ते मोठ्या प्रमाणात आपलं यकृतच बनवतं, म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी.

गोळी सुरू व्हायच्या आधीच फोनवर इशारे आले: स्टॅटिनने शुगर वाढते! डॉक्टरांनी हे उडवून लावलं नाही. थोडी वाढू शकते म्हणाले, पण मधुमेह्याच्या हृदयाला होणारा फायदा त्याच्यापुढे फार मोठा आहे. मला हे आवडलं. काही दिवसांनी पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा गोळी आपल्या मनाने न थांबवता फोन केला. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) तपासलं, नॉर्मल निघालं. तरी त्यांनी एटोरवास्टॅटिन बदलून रोसुवास्टॅटिन कमी डोसमध्ये दिली, आणि ती मानवली.

पुढची एचबीए१सी तीन महिन्यांनी. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेल्या साखरेचा हा अंदाज. त्यामुळे आमच्या शेजारच्या काकांसारखी दर पंधरवड्याला ती करण्यात फक्त लॅबचं भलं. माझी ७.२ आली, एलडीएल ७२, ट्रायग्लिसराइड १६४. एलडीएल ७०च्या दोनने वरच राहिलं, पण डॉक्टर एकूण खूश होते.

वरणावर चमचाभर तूप परत आलंय. भात एकदाच, तोही उसळ नि काकडी खाऊन झाल्यावर. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं सोसायटीतच फेऱ्या मारते, त्याने आकड्यात चांगलाच फरक पडतो. एकादशीला थोडी भगर, दाण्याची आमटी आणि ताक. सासूबाईंना ते चाललं. खिचडी नाही याचं वाईट सगळ्यात जास्त ह्यांनाच वाटलं.

मीटरच्या पट्ट्या महाग आहेत आणि मी फक्त गोळ्यांवर असल्यामुळे रोज टोचायची गरज नाही. नवीन काही खाल्लं की बघते. आंब्याच्या दिवसांत मात्र डबी लवकर संपते.