फादर दिब्रिटो आणि माझ्यासारखी नास्तिक

मी देव मानत नाही. वसईत राहते, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते, आणि कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना आपला नेता मानते. २५ जुलै २०२४ ला ते गेले, तेव्हा मी चार ओळी लिहिल्या होत्या. आमच्याच शाखेतल्या एका तरुण कार्यकर्त्याने त्या वाचून विचारलं, "ताई, एकीकडे बुवाबाजीविरुद्ध बोलायचं आणि दुसरीकडे धर्मगुरूला नेता म्हणायचं, हे कसं जमतं?" प्रश्न मनापासून होता, म्हणून उत्तरही नीट देते.

त्याचा जन्म व्हायच्या आधीची वसई त्याला ठाऊक नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथला हरित पट्टा बांधकामाला मोकळा करायचा घाट घातला गेला. केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या आणि त्यांना जगवणारी बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी, सगळ्यावर बिल्डरांचा डोळा. वाड्यांतल्या विहिरी उपसून टँकर नव्या इमारतींकडे धावायचे, आणि किनाऱ्याकडच्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलं होतं. वर गुंडांची दहशत. नावं घ्यायची झाली तर लोक घरातसुद्धा आवाज खाली आणायचे. त्या काळात फादर उघडपणे बोलले आणि लिहिलं. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता'चे संपादक होते. मासिक चर्चचं, पण त्यात वसईचं पाणी, जमीन आणि गुंडगिरी हे विषय येत राहिले. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात हिंदू-ख्रिस्ती शेतकरी खांद्याला खांदा लावून उतरले. लढा काही एकट्या फादरांचा नव्हता, पण माणसांची भीती मोडण्यात त्यांचा वाटा फार मोठा होता. माझे वडील घरात गणपतीसुद्धा बसवत नसत. तेही त्या सभांना जायचे.

आता सोपं उत्तर असं देता येईल की आम्ही त्यांचं काम घेतलं, त्यांचा देव त्यांच्यापाशी. आमच्यातले बरेचजण असंच म्हणतात. मला ते पटत नाही. गाडगेबाबांचं आम्ही हेच केलंय. खराटा घेतला, शिक्षणाचा आग्रह घेतला, नवस आणि बोकडबळीवरचे कोरडे घेतले, आणि 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' हा गजर तेवढा हळूच वगळला. बाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, लोकांना देवळातल्या दगडाबद्दल प्रश्न विचारले, हे खरंच. पण तो गजरही त्यांचाच होता. त्यांना कापून आपल्या मापाचं करून घेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

फादरांचंही तसंच. धमक्यांच्या काळात ज्या बळावर ते उभे राहिले, ते त्यांना येशूकडून मिळत होतं. बायबल सोप्या मराठीत आणणारा माणूस आणि टँकरविरुद्ध बोलणारा माणूस एकच. मला ती श्रद्धा नाही. तरी ती त्यांच्या धैर्यातून वजा केली, तर जे उरेल ते फादर नव्हेत.

मग बुवा आणि फादर यांच्यात फरक कसा करायचा? मी एवढंच बघते की धर्माने दिलेला मान हा माणूस कुणासाठी खर्च करतो. बुवा तो स्वतःच्या गादीसाठी खर्च करतो. फादरांनी तो जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी खर्च केला, आणि त्यात आपल्याच समाजातल्या जमीन विकायला निघालेल्यांची नाराजीही ओढवून घेतली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही ते तिथे गेले आणि देशातल्या असहिष्णुतेवर बोलले.

आपला मानलं म्हणून मतभेद मिटत नाहीत, आणि मिटूही नयेत. मदर तेरेसांना २०१६ साली संतपद देताना बरं करण्याचे चमत्कार पुरावा म्हणून धरले गेले. त्याला माझा विरोध तेव्हा होता आणि आजही आहे. कॅथलिक चर्चमध्ये बाईला धर्मगुरू होता येत नाही, हेही मला मान्य नाही. ही चर्चची भूमिका, फादर त्याच चर्चचे, म्हणून त्यांच्यावरच्या माझ्या मायेपोटी मी यावर गप्प बसणार नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ख्रिस्ती मैत्रिणींशी मी यावर भांडते. त्याही भांडतात, आणि पुढच्या बैठकीला आम्ही एकाच रिक्षातून जातो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगत असत की आपला विरोध देवाला किंवा धर्माला नाही, त्यांच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. मी स्वतः देव नाकारते, म्हणजे त्याच्या एक पाऊल पुढे जाते. पण शोषणाविरुद्ध माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला, आधी तुझा देव बाहेर ठेव, असं सांगायचा अधिकार मला कुणी दिला?

त्या कार्यकर्त्याला हे सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, धर्मगुरूला मोठं केलं की त्याच्या मागची संस्थाही मोठी होते. मुद्दा खोटा नाही, आणि मला तो टाळायचाही नाही. पण वाड्यांतली बावखलं अजून बुजवली जाताहेत, आणि ती वाचवायला येणाऱ्यांत सकाळी चर्चमध्ये मिसा, म्हणजे उपासना, करून आलेली माणसं आहेत. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.