अंगठ्याचा बाहेरचा लिगामेंट: मुरगळ म्हणून सोडून देऊ नका

अंगठ्याच्या मधल्या सांध्याला, म्हणजे एमसीपी सांध्याला, दोन बाजूंनी लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणारे चिवट पट्टे, असतात. तर्जनीकडचा जास्त वेळा फाटतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. बाहेरचा, रेडियल लिगामेंट क्वचित फाटतो आणि नेमका तोच निसटतो. चेंडू लागून किंवा पडून अंगठा तर्जनीकडे जोरात ढकलला गेला, बाहेरच्या बाजूला सूज आली, बरणीचं झाकण फिरवताना कळ आली, तर आधी याचाच संशय घ्यावा.

प्रथम एक्स-रे काढावा. हाडाचा तुकडा निघाला असेल तर ताण देऊन तो सरकायला नको. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्याच्या पुढचं हाड तळहाताकडे घसरलेलं दिसलं, तर फाट पूर्ण असण्याची शक्यता मोठी. मग तळहातातलं हाड घट्ट धरून सांधा सरळ ठेवून आणि ३० अंश वाकवून, दोन्ही वेळा अंगठा तर्जनीकडे ढकलून पाहावा. दुखऱ्या बाजूला दुसऱ्या हातापेक्षा १५ अंशांहून जास्त फट पडली, किंवा ढकलताना शेवटी घट्ट अडकल्यासारखं जाणवलंच नाही, तर लिगामेंट पूर्ण फाटलेला समजावा. रुग्ण दुखण्यानं आखडून धरत असेल तर भूल देऊनच तपासा, नाहीतर निकाल खोटा येतो.

अर्धवट फाट असेल तर ४ ते ६ आठवडे स्पायका, म्हणजे अंगठा हलू न देणारं प्लास्टर. टोकाचा सांधा मोकळाच ठेवावा. पूर्ण फाटून सांधा घसरला असेल तर अँकर, म्हणजे हाडात रुतवलेली दोऱ्याची छोटी खुंटी, घालून लिगामेंट शिवणं मला जास्त सुरक्षित वाटतं, कारण अंगठा तळहाताकडे खेचणारा अ‍ॅडक्टर स्नायू हाडाला सतत आत ओढत राहतो आणि पुढे सांधा झिजतो.