बिलावरचं नाव आणि गच्चीवरचे ७४ दिवस

३ फेब्रुवारी २०२५ ते १८ एप्रिल २०२५. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर २८ सोलर पॅनेल या काळात रोज ऊन खात पडून होती. स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, अर्थिंग, सगळं तयार होतं आणि खटका मात्र खाली पाडलेला. वर्ष उलटून गेलं तरी तो खटका आठवला की अजून जीव तळमळतो.

आमची ३२ घरांची सोसायटी, मुंबईच्या उपनगरात. मी खजिनदार. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून महिन्याला १८००-१९०० युनिट जातात. एक किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणून १५ किलोवॉट बसवायचं ठरलं. दीडेक हजार चौरस फूट गच्ची लागते. पैसे वाचणार म्हणून बाकीचे तयार झाले. माझ्या मनात दुसरं होतं. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला, २०५० पर्यंत शहर नेट झीरो करायचं, म्हणजे जितका कार्बन हवेत सोडू तितकाच शोषला जाईल असं करायचं, हे त्यात ठरलं आहे. शहराच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ७२ टक्के हे घरं, दुकानं, कचेऱ्या, कारखाने यांत जळणाऱ्या विजेचं आणि इंधनाचं आहे, असा त्यातला हिशोब आहे. आपली वीज बहुतेक कोळशाची. ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमच्या लिफ्टचा आणि पंपाचा त्यातला वाटा वर्षाला १५ टन! हा आकडा मी सर्वसाधारण सभेत फळ्यावर लिहिला होता.

सभा, ठराव, तीन कोटेशन, काम कुणाला द्यायचं, हे सगळं महिनाभरात झालं. पाचव्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती होती, म्हणून स्लॅबला एकही भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं केलं. पीएम सूर्यघर या गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज केला, तोही बिनबोभाट पुढे गेला.

मग नेट मीटरच्या कराराची वेळ आली. हा मीटर आपण घेतलेली वीज आणि उरलेली, बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजतो. वीज कंपनीच्या कार्यालयात टेबलावरच्या बाईंनी आमची फाइल उघडली, बिल पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, बिल कुणाच्या नावावर आहे ते बघितलंत का?"

बिल बिल्डरच्या नावावर होतं. सोसायटीची नोंदणी २००३ ची. २१ वर्षं आम्ही दर महिन्याला ते बिल भरतोय, मी स्वतः सहा वर्षं चेक लिहितेय, आणि वरच्या कोपऱ्यातलं ते नाव कुणीच वाचलं नव्हतं. करार सोसायटी करणार आणि ग्राहक बिल्डर, हे चालत नाही. आधी नाव बदला.

नाव बदलायला जुन्या ग्राहकाचं ना हरकत पत्र हवं, असं सांगितलं. ती फर्म कधीच बंद पडली होती. भागीदारांपैकी एक वारले, दुसऱ्यांच्या जुन्या पत्त्यावर आता टॉवर उभा आहे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टेबलावरचे साहेब म्हणाले, ना हरकत पत्र मिळत नसेल तर हमीपत्र चालेल. सचिवांनी १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आधीच आणून ठेवला होता, त्यावर ते टाइप करून नेलं. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो, म्हणून परत. ५०० च्या स्टॅम्पवर नेलं, तर सभेच्या ठरावात 'नाव बदलणे' हे शब्द नाहीत, फक्त सोलरचा ठराव आहे, म्हणून पुन्हा परत. नवीन ठरावासाठी विशेष सभा, तिची नोटीस, त्यात दोन आठवडे. ते घेऊन गेले तेव्हा पहिल्या बाईंची बदली झालेली आणि फाइल 'वरती' गेलेली. वरती म्हणजे कुठे, ते सांगणारं कुणी नव्हतं.

मार्चचं ऊन. मी संध्याकाळी गच्चीवर जायचे. पॅनेलवर हात ठेवला तर चटका बसायचा. अनेकांनी सुचवलं, खटका वर करा, कोण बघतंय? तसं करू नका. परवानगी नसते हे तर आहेच, शिवाय साधा मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणून मोजू शकतो. बिल कमी व्हायचं ते वाढेल.

शेवटी मी सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र लिहिलं. कुठल्या तारखेला काय मागितलं आणि आम्ही काय दिलं, हे ओळीने मांडलं. आणखी काय हवं ते एकदाच लेखी कळवा, अशी विनंती केली आणि खाली 'प्रत : ग्राहक तक्रार निवारण मंच' असं लिहिलं. पत्र आवक-जावक खिडकीत देऊन शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. नवव्या दिवशी नाव बदललं. त्यानंतर करार, मीटरची तपासणी, जोडणी हे सगळं दहा दिवसांत झालं. म्हणजे काम होण्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी मी तोंडी उत्तर ऐकून घरी न येता लेखी मागायला हवं होतं.

७४ दिवस गुणिले ६० युनिट म्हणजे ४,४४० युनिट. तीन टनांवर कार्बन डायऑक्साइड, फक्त एका नावापायी. मुंबईत अशा किती सोसायट्या असतील ज्यांचं बिल अजून बिल्डरच्या नावावर आहे! नावबदलासाठी प्रत्येक कार्यालयाच्या दारावर कागदांची एक पूर्ण यादी लावली, तरी या शहरातल्या कितीतरी गच्च्या सोलरसाठी मोकळ्या होतील असं मला मनापासून वाटतं.

तुम्हालाही सोलर बसवायचं असेल तर काय बघायचं, ते आता आठवतंय तसं सांगते. बिलावरचा मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला किती किलोवॉटची परवानगी आहे, ते बघा, सोलर त्याहून मोठं असेल तर भार आधी वाढवून घ्यावा लागतो. टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठे पडते ते स्वतः गच्चीवर उभं राहून बघा, एका पॅनेलवर सावली आली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटते. सोसायटीला अनुदान किलोवॉटमागे १८,००० रुपये, म्हणजे आम्हाला २,७०,००० मिळाले. स्वतःच्या घरासाठी तीन किलोवॉटला ७८,००० मिळतात. अनुदानासाठी पॅनेलमधले सेलही भारतीय बनावटीचे लागतात, कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या. धूळ पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आणि ठरावात सोलर, नावबदल, भारवाढ, सह्या कोण करणार, हे सगळं एकाच वेळी घालून टाका.

१८ एप्रिलला दुपारी बाराला खटका वर केला तेव्हा आम्ही अकरा जण मीटरसमोर उभे होतो. दोन्ही लिफ्ट थांबलेल्या, पंप बंद, आणि बाहेर गेलेल्या युनिटांचा आकडा हलला. वॉचमन काकांनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

शेजारच्या इमारतीचे सचिव रविवारी आमची गच्ची बघायला येणार आहेत. येताना लिफ्टच्या मीटरचं बिल घेऊन या, असा निरोप पाठवलाय.