इल्फ्रकूम ते प्लिमथ सायकलने: डेव्हनच्या चढ-उतारांचा माझा अनुभव

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावरच्या इल्फ्रकूमपासून दक्षिण किनाऱ्यावरच्या प्लिमथपर्यंत राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक २७ जातो. अंतर ९९ मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर. आकडा पाहून दोन दिवसांत होईल असं वाटतं, आणि सामान कमी असेल तर होतंही. पण या मार्गाचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडायचा नसतो. अर्ध्याहून जास्त रस्ता बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरून जातो आणि उरलेला गावागावांतल्या अरुंद रस्त्यांवरून. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून रेल्वेवाल्यांनी भराव घातले, डोंगर कापले, पूल बांधले. गावरस्त्यांसाठी तसं कुणी काही केलं नाही. ते सरळ ओढ्यात उतरतात आणि सरळ वर चढतात. त्यामुळे मुक्काम ठरवताना आज रूळमार्ग किती आणि गावरस्ता किती, हे मी आधी बघते. सामानासह रूळमार्गावर ताशी १५ किलोमीटर आरामात पडतात. गावरस्त्यावर मी ताशी ९-१०च धरते.

इल्फ्रकूमला आता रेल्वे नाही, १९७० साली ती बंद झाली. एक्सेटरहून गाडीने बार्नस्टेपलला उतरायचं आणि तिथून ब्राँटनमार्गे सायकलनेच इल्फ्रकूम गाठायचं, हा सोपा मार्ग. इल्फ्रकूममधून बाहेर काढणारा जुना रूळमार्ग मात्र रेल्वेच्या मानाने फार उभा आहे: ३६ला १, म्हणजे पावणेतीन टक्के. सायकलस्वाराला एवढा चढ अंग गरम करायला ठीक.

ब्राँटन ते मीथ हा टप्पा म्हणजे टार्का ट्रेल ही सायकलवाट. सुमारे ५० किलोमीटर, जवळपास सपाट. बार्नस्टेपलपासून टॉव नदीच्या खाडीकाठाने फ्रेमिंग्टन, इन्स्टो, मग टॉरिज नदीवरचं बिडेफर्ड. भरती-ओहोटीचा फरक इथे प्रचंड. सकाळी जिथे नुसता चिखल आणि त्यात रुतलेल्या होड्या दिसतात, तिथे दुपारी काठोकाठ पाणी असतं. इन्स्टोहून पलीकडच्या अ‍ॅपलडोरला जाणारी छोटी फेरीही भरतीच्या आसपासच चालते, तीही हंगामात. पलीकडे जायचं असेल तर भरतीचं वेळापत्रक आधी बघावं. टॉरिंग्टनच्या पुढे वस्ती विरळ होते आणि मीथकडे जाताना डांबर संपून दाबलेल्या खडीचा पृष्ठभाग लागतो. मी ३५ मिमीचे टायर वापरते. २५ मिमीवर जाता येत नाही असं नाही, पण ओल्या खडीवर मागचं चाक घसरत राहतं.

खरी परीक्षा मीथ ते ओकहॅम्प्टन, हॅदर्लीमार्गे. अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. सह्याद्रीतल्या घाटांची सवय असलेल्यांना इथला त्रास वेगळा वाटेल. ताम्हिणीत किंवा वरंध्यात चढ लांब असतो, पण एक गिअर धरून, श्वास लावून तासभर चढत राहता येतं. इथे चढ तीन-चारशे मीटरचा, पण १५ ते २० टक्के. लय बसायच्या आत संपतो, लगेच तेवढाच उतार, खाली ओढ्यावर काटकोनी वळण, आणि पुन्हा चढ. उतारावर मिळवलेला वेग त्या वळणावरच्या ब्रेकमध्ये जातो, म्हणून पुढच्या चढाला त्याचा उपयोग होत नाही. थकवा येतो तो यामुळे.

यावर उपाय गिअरचा. २० टक्के चढावर सामानासह ताशी ५ किलोमीटर वेग पडतो. पुढे ३४ दाती आणि मागे ३४ दाती चक्र असेल, तर त्या वेगाला मिनिटाला सुमारे ४० पेडल होतात. गुडघ्यांवर सगळा भार येतो. पुढे २६ आणि मागे ३६ असेल, तर तेच ५५ होतात आणि बसून चढता येतं. रोड बाइकचे गिअर घेऊन इथे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सामानही १० किलोच्या वर जाऊ देत नाही.

नकाशा कागदाचाच हवा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या लँडरेंजर मालिकेतले १८०, १९१ आणि २०१ हे तीन भाग पुरतात. रस्त्यावर एक बाण असेल तर चढ १४ ते २० टक्के, दोन बाण असतील तर २०च्या वर. बाणाचं टोक उताराकडे असतं. रात्री मुक्कामी बसून दुसऱ्या दिवशीचे बाण मोजले की जेवण कुठे करायचं तेही ठरतं. जेवणाचं बघावंच लागतं, कारण बऱ्याच पबांची स्वयंपाकघरं दुपारी दोननंतर संध्याकाळपर्यंत बंद असतात आणि खेड्यातलं दुकान रविवारी उघडं असेलच असं नाही.

या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना माती-दगडांचे माणसापेक्षा उंच बांध आणि त्यावर झुडपं. पलीकडचं काही दिसत नाही. रस्ता एका गाडीपुरताच, तरी पाटी नसेल तर कायद्याने वेगमर्यादा ताशी ६० मैल. वळणावर ट्रॅक्टरचा आवाज आला की थांबून फाटकाच्या खाचेत शिरावं. घोडेस्वार दिसले तर घंटी न वाजवता लांबूनच आवाज द्यावा, घोडा दचकत नाही.

त्याच बांधांमुळे पंक्चर होतात. १ मार्च ते ३१ ऑगस्ट झुडपं छाटायला बंदी असते. सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टरला लावलेली यंत्रं फिरतात आणि ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाचे तुकडे रस्ताभर पडतात. हा काटा टायरमध्ये शिरून आतच मोडतो. बाहेरून काळ्या रबरात काळा ठिपका, दिसतच नाही. नुसती ट्यूब बदलून हवा भरली तर शंभर मीटरवर पुन्हा चाक बसतं. टायर उलटा करून आतून फडकं सावकाश फिरवायचं; जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नये, काटा नखात जातो. चिमटा नसेल तर बाहेरून सुईने ढकलून आत काढायचा. शरद ऋतूत मी दोन ट्यूब आणि ठिगळांची डबी ठेवते.

ब्रेकचंही असंच. पावसात शेतातली माती रस्त्यावर वाहते आणि ती पॅडला पॉलिशपेपरसारखी घासते. डिस्क ब्रेकचे रेझिनचे पॅड ओल्या दिवशी फार लवकर झिजतात. रोज संध्याकाळी पॅडची जाडी बघावी, मिलिमीटरभर उरली की बदलावेत. एक जादा जोडी वजनाला काहीच नाही.

ओकहॅम्प्टनपासून लिडफर्डपर्यंत ग्रॅनाइट वे ही सायकलवाट, १८ किलोमीटर, डार्टमूरच्या उंच माळरानाच्या कडेने. मेल्डनचा १८७४चा लोखंडी पूल याच वाटेवर आहे. इथे वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, म्हणजे तोंडावरच. धुकंही अचानक उतरतं, तेव्हा मागचा दिवा दिवसाही चालू ठेवावा. माळावर वाट दिसली म्हणून सायकल घालू नये. ब्रायडलवेवर, म्हणजे घोड्यांसाठीच्या वाटेवर, सायकलला परवानगी आहे; फुटपाथवर, म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांच्या पायवाटेवर, नाही. किनाऱ्याने जाणारी साउथ वेस्ट कोस्ट पाथही मुख्यतः पायी चालणाऱ्यांचीच.

लिडफर्डनंतर पुन्हा गावरस्ते, मग टॅव्हिस्टॉकपासून प्लिमथपर्यंत ड्रेक्स ट्रेल ही सायकलवाट, ३४ किलोमीटर. वॉकम नदीच्या दरीवर ब्रुनेल या अभियंत्याचा रेल्वेपूल होता. त्या जागेजवळ २०१२ साली २०० मीटर लांबीचा जेम ब्रिज झाला. त्याआधी सायकलस्वाराला दरीत उतरून चढावं लागे. यानंतर प्लिम नदीच्या खोऱ्यातून, बोगद्यातून आणि उंच पुलांवरून, जवळजवळ पेडल न मारता प्लिमथ येतं. बोगद्यात डोळे सरावायला वेळ लागतो, तेव्हा गॉगल आधीच काढावा.

परतीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलचं आरक्षण तिकिटाबरोबरच करावं लागतं, जागा मोजक्या असतात. सायकल तिथे उभी टांगायची असते, म्हणून पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या, फलाटावरच काढून ठेवाव्यात आणि डबा कुठे थांबेल ते आधी विचारून घ्यावं.