‘हीट नंबर कुठाय?’ : आमची वाटचाल

कुपवाड एमआयडीसीत आमची शेड आहे. पहिली काही वर्षं साखर कारखान्यांची चिल्लर कामं केली: बगॅस कॅरिअर, रसाच्या पाइपलाइनी, शिड्या, प्लॅटफॉर्म. नवरा स्वतः पक्का वेल्डर. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, पण शेडमध्ये बिलं आणि जीएसटी बघायची. बॉयलर, प्रेशर व्हेसल (आतला दाब झेलणारी बंद टाकी) यांच्या दुरुस्तीत शिरायचं ठरलं तेव्हा वाटलं, वेल्डिंग चांगलं आहे, आता काय अडणार?

पहिलं काम एका परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली मिळालं. बॉयलरच्या बारा ट्यूबा बदलायच्या होत्या. बॉयलरचं काम म्हणजे १९५० चं आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, बॉयलरची सरकारी नियमावली), आधी बाष्पके संचालनालयाची मंजुरी, मग हत्याराला हात. ते सगळं ठेकेदाराने केलं होतं. आमच्या पोरांनी मापं घेऊन ट्यूबा कापल्या. हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीतल्या ज्या ओतीचं त्या ओतीचा नंबर, एका टोकाला रंगाने लिहिलेला. तो एका तुकड्याकडे गेला, बाकीचे तुकडे अनाथ. इन्स्पेक्टरसाहेब आले, जोडाकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, “हीट नंबर कुठाय?”

त्या हीटच्या पोलादाचं टेस्ट सर्टिफिकेट फायलीत होतं, माल तोच होता. पण हे सर्टिफिकेट याच तुकड्याचं, हे दाखवायचं कशावरून? सगळ्या ट्यूबा काढल्या, नव्या आणल्या. कारखान्याच्या अग्निप्रदीपनाच्या पत्रिका वाटून झालेल्या. चार रात्री शेडमधलं कुणी घरी गेलं नाही. नफा राहिला बाजूला, गाठचे गेले.

मग क्वालिटी मॅन्युअल (काम कसं करायचं, कुणी तपासायचं याची पुस्तिका) आणलं, विकतचं. त्यात ‘उष्णोपचार विभागप्रमुख’ होते, आणि आम्ही सगळे मिळून सात जण! ते कपाटात टाकून मी अठरा पानांचं आमचं लिहिलं. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर नंबर पंच करायचा आणि तो मी बघायचा. रूट रन (जोडाचा तळाचा पहिला थर) मारण्याआधी फिटअप, म्हणजे तुकड्यांची जुळणी, मी बघायचं, रूटनंतर डीपी टेस्ट (रंगद्रव लावून चिरा शोधायची). सही झाल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. कोडला, म्हणजे या कामाच्या नियमावलीला, हेच हवं असतं, तपासणाऱ्यावर उत्पादनाचा दाब नको. आमच्याकडे उत्पादन म्हणजे नवरा, त्यामुळे पहिल्या वर्षी घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

खरी डोकेदुखी वेल्डिंग रॉडची. कारखान्यांचा ऑफ सीझन म्हणजे आमचा हंगाम, आणि तो नेमका पावसाळ्यात. ७०१८ नंबरचा रॉड लो-हायड्रोजन, म्हणजे जोडात हायड्रोजन कमी जावा असा बनवलेला. पाकीट उघडं राहिलं की हवेतली ओल ओढतो, त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि कधीकधी काम संपल्यावर दुसऱ्या दिवशी चीर दिसते. आमचे जुने वेल्डर अण्णा रॉड उन्हात वाळवायचे. “वैनी, वीस वर्सं असंच जोडतोय.” आता ओव्हन आहे, किती वाजता रॉड दिले आणि किती परत आले याचं रजिस्टर आहे. अण्णाच ते लिहितात, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या कोडच्या सेक्शन नाइनप्रमाणे वेल्डरने वेल्डिंगची एखादी प्रोसेस (पद्धत) सहा महिने वापरली नाही, तर त्या प्रोसेसची पात्रता जाते. गाळप सुरू झालं की आमची आरगॉनची (आरगॉन वायूच्या आवरणात करायच्या वेल्डिंगची) कामं थंडावतात. म्हणून दिवाळीनंतर मी कॅलेंडरवर खुणा करते आणि छोटं का होईना, आरगॉनचं काम करवून नोंद ठेवते.

दाब मोजायच्या गेजचंही तसंच. एका व्हेसलची हायड्रो (पाणी भरून दाबाची चाचणी) १३ किलोला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १३ किलो दाबाला, होती आणि आमच्याकडे एकच गेज, १०० किलोचं. त्यावर १३ म्हणजे काटा जेमतेम जागचा हललेला. गेजची रेंज टेस्ट प्रेशरच्या दीडपटीपेक्षा कमी नको आणि चौपटीपेक्षा जास्त नको, हा नियम मी तोवर वाचलाच नव्हता. ४० किलोची दोन गेज घेतली, कॅलिब्रेट करून.

परवा नवऱ्याच्याच एका जोडावर मी लाल टॅग लावला. फिटअपला बोलावलं नव्हतं, परस्पर रूट मारला होता. दोन तास ग्राइंडर चालला. रूट चांगलाच होता, असं ते अजून म्हणतात. असेलही.

सध्या आमचा स्वतःचा दुरुस्तीचा परवाना आहे. अमेरिकेच्या नॅशनल बोर्डाच्या आर स्टॅम्पबद्दल (बॉयलर, प्रेशर व्हेसल दुरुस्तीची त्यांची मान्यता) लोक विचारतात; खर्च डॉलरमध्ये आणि आमच्या एकाही गिऱ्हाइकाने अजून तो मागितलेला नाही, त्यामुळे तूर्त नाही. त्याआधी दुसरा ओव्हन हवाय. आजच कोटेशन आलंय, घासाघीस चालू आहे.