तुम्ही विचारलंत म्हणून: ३६ तास आणि १३ वर्षं

‘गोव्यात ३६ तासांत हत्यारं खाली ठेवणारे पोर्तुगीज आफ्रिकेत १३ वर्षं कसे लढले?’ डिसेंबर १९६१चा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. त्यातला न उच्चारलेला ‘पळपुटे’ हा शब्द मला दर वेळी टोचतो. गोव्याचे गव्हर्नर वासालु इ सिल्वांनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा ‘जिंका नाहीतर मरा’ हा हुकूम मानला नाही, म्हणून कितीतरी पोरं घरी परतली.

पूर्वी मी ‘शिस्त’ असं उत्तर देत असे. ते चूक होतं. अंगोला, गिनी आणि मोझांबिक या वसाहती हातात ठेवायला १३ वर्षं सरकार लढलं. सक्तीने भरती झालेला शिपाई साधारण दोन वर्षं काढायचा आणि परतीच्या बोटीचे दिवस मोजायचा.

त्या दोन वर्षांत लढाईपेक्षा रस्ताच जास्त. पुढे चालणारे टोकदार सळीने माती टोचत जायचे. सळी तिरकी घालायची. सरळ दाबली तर भूसुरुंगावरच दाब पडतो. लाकडी पेटीतला सुरुंग धातुशोधकाला सापडत नसे, म्हणून भरवसा हातावरच. मागे वाळूच्या गोण्या भरलेला पहिला ट्रक, आणि बाकीची चाकं त्याच्याच चाकोरीतून.

गोळी न लागताही माणसं गेली. पोर्तुगीज गिनीतलं (आजचं गिनी-बिसाऊ) मादिना दु बोए हे ठाणं सोडून सैन्य परतत होतं. ६ फेब्रुवारी १९६९, शेश इथे कोरुबाल नदी. शेवटच्या खेपेला तराफ्यावर माणसं दाटीने उभी. पायात बूट, हातात चार किलोंहून जड जी-३ रायफल, कमरेला मॅगझिन. वीस काडतुसांची एकेक पाऊण किलोच्या आसपास. तराफा कलंडला. एवढं ओझं अंगावर असताना पट्टा सोडवायलाच वेळ मिळत नाही, पोहता येत असलं तरी. ४७ माणसं बुडाली. भार जास्त झाला होता, की कसलासा आवाज ऐकून सगळे एका अंगाला सरकले, यावर अजून वाद आहे. साडेचार वर्षांनी, सप्टेंबर १९७३मध्ये, त्याच बोए भागात गिनीच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली.

म्हणून ते बिचारे होते, असं म्हणू? डिसेंबर १९७२मध्ये मोझांबिकातल्या विरियामूत याच सैन्याच्या कमांडोंनी शेकडो गावकऱ्यांना मारलं, बायका-मुलांसकट. शेशबद्दल हळहळतो आणि विरियामूपाशी येऊन अडतो. दोन्ही एका उत्तरात बसवणं मला अजून जमलेलं नाही.